आठव्या जागेवरची नोंद

बुधवारी सकाळी दहा वाजता फोंडाघाटाच्या एका वळणावर डांबराला लांब भेग पडलेली दिसली. वाहतूक थांबवण्यात आली. वळणाच्या बरोबर खाली शेवंतीचे घर आहे.

मित्रांनो, मी जमिनीचे हादरे ऐकणारा जुना जिओफोन. मुठीएवढी डबी, आत चुंबक आणि तारेचे वेटोळे, खाली मातीत रुतणारा लोखंडी खिळा. आम्हा भावंडांना रस्त्याकडेला रांगेत रोवतात. मग मदतनीस शंकर लोखंडी तबकडीवर घण मारतो. हादरा घट्ट जमिनीतून झरझर येतो, भुसभुशीत जमिनीतून रेंगाळत. त्यावरून रस्ता न खणता त्याच्या पोटात काय आहे ते कळते.

एके काळी अभियंता नम्रता मॅडम माझी नोंद सर्वांत स्वच्छ म्हणत. मग एका पावसाळ्यात मला चिखलासकट पेटीत टाकले गेले. खिळा गंजला, सैल झाला. तेव्हापासून माझ्या नोंदी कधी खऱ्या, कधी नुसती खरखर.

आज मला आठव्या जागी रोवले. घण पडला. हादरा माझ्यापर्यंत उशिरा आला, थकून आला. खालची माती वाहून गेली होती. मी जीव तोडून ते तारेतून कळवले. पडद्यावर माझी रेघ वेडीवाकडी उमटली.

"आठ नंबरचं रोजचंच रडगाणं," शंकर म्हणाला. "पेन्शन द्या मॅडम त्याला."

मॅडम हसल्या नाहीत. शेवंती शेजारीच उभी होती.

"बाय, माका इतक्याच सांग. घर सोडू काय नको?"

मॅडमनी माझ्या जागी दुसरा, धडधाकट भाऊ रोवायला लावला. तेवढ्यात पावसाची सर कोसळली. थेंबांच्या माऱ्यात घणाचा हादरा हरवला. चाचणी उद्यावर गेली. खात्री देता येत नाही, पण आज घरात थांबू नका, असे त्या म्हणाल्या.

शेवंतीचा सासरा वर्षभर अंथरुणावर आहे. "खात्री नाय, तर म्हाताऱ्याक ह्या पावसात खंय व्हरू?" एवढे बोलून ती उतरणीला लागली.

मी खरे सांगत होतो, मित्रांनो. त्या पावसाळ्यात कुणी मला फडक्याने पुसून ठेवले असते, तर आज माझे ऐकले गेले असते. तुमच्या हातातल्या वस्तू पुसून ठेवा.

पेटी जीपमध्ये चढवताना खालचे घर दिसले. पाऊस सुरूच आहे. रस्ता बंद आहे. शेवंतीच्या कौलांतून चुलीचा धूर निघतो आहे.