वहिनीची दुर्बीण

माझा दादा नदीपलीकडच्या बांधकामावर उंच क्रेन चालवायचा. दुपारी डबा खाऊन झाला की तो वरच्या केबिनमधून घराकडे हात करायचा. ते वहिनीला दिसावं म्हणून त्यानं मोठ्या हौसेनं दुर्बीण आणली होती. संध्याकाळी आल्या आल्या विचारायचा, "दिसलो का?" आणि वहिनी म्हणायची, "दिसलात की!"

दुसऱ्या दिवशी ती क्रेन उतरवणार होते. पुढचं काम जमिनीवरचं. म्हणून मी मुद्दाम दुपारी दादाच्या घरी आले, तर वहिनी गच्चीवर दुर्बीण हातात घेऊन रडवेली उभी.

"ताई, खरं सांगू? मला यातून कधीच काही दिसलं नाही. नुसते दोन काळे गोल आणि धुकं."

"मग इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"एवढ्या प्रेमानं आणलीय त्यांनी. पण आज शेवटचा दिवस हो."

माझं डोकंच फिरलं. दुर्बीण घेऊन पाहते तर भिंगांवर कणकेची बोटं! आधी फुंकरीनं धूळ उडवली, मग चष्म्याच्या मऊ फडक्यानं भिंगं पुसली. वहिनीला चष्मा, आणि डोळ्यांकडच्या रबरी कडा उभ्याच्या उभ्या. आमच्या शहाण्या दादानं स्वतःच्या डोळ्यांना लावून बघितली आणि हात झटकले. चष्मा असला की त्या दुमडायच्या असतात, मी त्या खाली दुमडल्या.

"नळ्या जवळ आण, दोन गोलांचा एक होईपर्यंत. आता उजवा डोळा मीट आणि मधलं चाक फिरव. क्रेन स्वच्छ दिसली? आता डावा मीट, चाकाला हात लावू नकोस, फक्त उजव्या भिंगाचं कडं फिरव. हं, उघड दोन्ही."

 वहिनी हळूच म्हणाली, "अगं बाई! पाखरं यांच्या खालून उडतायत."

मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, तर क्रेन काडीएवढी.

"एवढ्या आभाळात एकटेच बसतात हो! आणि डबा मांडीवर घेऊन कसे निवांत जेवतायत, घरात बसल्यासारखे. आणि भाजीत मीठ कमी म्हणाले की मी यांना बोलते!" ती कठड्याकडे सरकली. "हेल्मेट काढलं. हात करतायत!"

तिनं हात वर केला आणि मधेच थांबली.

"ताई, ते इकडे बघतच नाहीयेत. शेजारच्या गच्चीला हात करतायत."

दोन्ही गच्च्यांवर निळ्या टाक्या. तेवढ्या उंचावरून त्याला काय कळणार! मला हसू आवरेना. वहिनी मात्र हसली नाही. एका हातानं दुर्बीण धरून दुसरा हात जोरजोरात हलवत राहिली, चष्म्याखालून पाणी वाहत होतं तरी.

संध्याकाळी दादा आला. "दिसलो का?"

"दिसलात."

"आणि हात केलेला?"

मी तोंड उघडणार तोच वहिनीनं माझ्या पायावर पाय दिला.

"केलात की," ती म्हणाली. "अगदी माझ्याकडेच बघून."