पास्कोबाईंच्या अंगणातलं तांब्याचं पिंप

फवारा उसळला आणि शंभर माणसांच्या तोंडून एकदम ‘आहाऽऽ’ निघालं. ना विजेची वायर, ना इंजिनाची घरघर, ना पेट्रोलचा वास. ट्रेगो गावच्या सभागृहामागे कमरेएवढं तांब्याचं पिंप चकचकत उभं होतं. एका बाजूने त्याला पावसाच्या टाकीतून आलेला काळा पाईप जोडलेला, दुसऱ्या बाजूने नळी थेट गवतावरच्या फवाऱ्याला. पिंपावर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून, डेस्मंड क्वेल अनवाणी उभा होता. अनवाणी, आणि तेही नोव्हेंबरात! आमच्या दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो, वाळल्या गवतात साप फिरतात, म्हणून लहान मुलंसुद्धा बुटांशिवाय उंबरा ओलांडत नाहीत.

“पाणी मेलेलं नाही, मंडळी,” तो मधाळ आवाजात म्हणाला. “झोपलंय. इतकी वर्षं तुम्ही त्याला केस धरून फरफटत बाहेर काढलंत. पंप म्हणजे हिंसा! मी फक्त प्रेमाने हाक मारतो.”

डल्सीने रुमाल डोळ्यांना लावला. डल्सी म्हणजे आमच्या सभागृह समितीची अध्यक्ष. केकच्या स्पर्धेत कुणी दुकानातला केक आणला तर वासावरून ओळखणारी बाई, पण इथे तिचं नाक चाललं नाही.

तीन मिनिटांनी क्वेलने फवारा बंद केला. “पहिल्या दिवशी पाण्याला दमवायचं नसतं.”

“आणि चौथ्या मिनिटाला काय होतं?” मी मागून ओरडलो. “रिकामं पिंप उतरवायला दोन माणसं का लागली?”

“आत डोंगरातले स्फटिक आहेत, मित्रा.”

“रॉस, तू गप बस रे!” डल्सी फणकारली. “तू पंप विकतोस. तुझ्या पोटात दुखणारच.”

सगळे खो खो हसले. तिचं म्हणणं अर्धं खरंही होतं. मी रॉस ट्रेलोर, एकतीस वर्षं पंपांचं दुकान चालवतोय. आमच्या टेकडीवर सरकारी नळ नाही. छपरावर पडेल ते पाणी पन्हळीतून टाकीत जातं, तेच प्यायचं, तेच झाडांना घालायचं आणि वणवा आला की त्याच पाण्याने घर वाचवायचं. वणव्यात सगळ्यात आधी विजेच्या तारा पडतात. म्हणून बागेला विजेचा पंप असला तरी आगीसाठी इंजिनाचा पंप हवाच, आणि टाकीतलं ठरावीक पाणी कधी संपवायचं नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं.

आणि तरीही क्वेलचं पुढचं वाक्य लोकांनी मान डोलावत ऐकून घेतलं. “जुने पंप घरात ठेवू नका. इंधनाच्या वासाने पाणी घाबरून पुन्हा झोपतं. मला देऊन टाका. मी त्यांना नीट निरोप देईन.”

नऊ घरांनी आपले पंप त्याच्या पिकअपमध्ये स्वतःच्या हाताने चढवून दिले. वणव्याचे दिवस तोंडावर आलेले असताना! त्यांच्या घरी बसवलेल्या पिंपातून नंतर करंगळीएवढीच धार यायची, तीही टाकी उंचावर आहे म्हणून. विचारलं की क्वेल हळहळायचा, “तुमच्या मनात शंका आहे. चाळीस दिवस थांबा.” चाळीस दिवसांत आमच्याकडे अख्खी टेकडी कोळसा होऊ शकते. मला त्याचा राग होताच, पण त्याहून जास्त राग या शहाण्यासुरत्या माणसांचा येत होता.

दहाव्या होत्या वेरा पास्को. वय अठ्ठ्याहत्तर, टेकडीच्या टोकावर एकट्या राहणाऱ्या. खाली तिन्ही बाजूंना निलगिरीचं रान. त्यांचा नवरा सिरिल माझा मित्र. शुक्रवारी मी तावातावाने त्यांच्याकडे गेलो.

“पास्कोबाई, वणवा आल्यावर काय करणार? त्या तांब्याच्या पिंपाला मिठी मारणार?”

“ओरडू नकोस. तुझा पंप तरी काय कामाचा आहे?”

“काय कामाचा म्हणजे? सिरिलने पारखून घेतलाय! पन्नास पावलांवर पाणी फेकतो.”

“सिरिलला जाऊन दोन वर्षं झाली, रॉस.” त्यांनी डाव्या हाताने चहाची किटली उचलली आणि तोंड फिरवलं. मी आणखी अर्धा तास अश्वशक्तीवर व्याख्यान झोडलं आणि निघून आलो.

शनिवारी दुपारी अर्धं गाव त्यांच्या अंगणात जमलं. प्रत्येकीने काही ना काही करून आणलेलं, शेगडीवर सॉसेज चरचरतायत, जत्राच जणू. पन्हळी पत्र्याच्या मोठ्या टाकीला काळा पाईप जोडून तास होऊन गेला होता. ऊन असं की पत्र्यावर अंडं तळावं. सिरिलचा पंप पिकअपमध्ये चढवला होता. तो तिथे आडवा पडलेला बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

क्वेलने पिंपावर हात ठेवले, “जागा हो, बाळा,” असं कुजबुजला आणि सिरिलच्या गुलाबांवर फवारा नाचू लागला. टाळ्या! पास्कोबाईही हसल्या. नेमक्या त्याच वेळी कुणाचा तरी पाय पाईपमध्ये अडकला. तो बाजूला सरकवायला बाई वाकल्या आणि त्यांनी झटकन हात मागे घेतला.

“पाईप भाजतोय,” त्या म्हणाल्या.

“उन्हातच पडलाय ना तो,” डल्सी म्हणाली.

“उन्हात आहे हे मलाही दिसतंय गं.” बाईंचा आवाज बदलला होता. “आपल्याकडे नळ सोडला की आधी काय येतं? पाईपात तापलेलं पाणी. मग? टाकीच्या तळाचं गार पाणी येतं आणि पाईपही गार होतो. इथे फवारा मिनिटभर चाललाय आणि पाईप अजून भाजतोय.”

शेगडीवरचा माणूस चिमटा हातात धरून तसाच थांबला. पावसाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बाई तरातरा टाकीपाशी गेल्या आणि त्यांनी टाकीचा कॉक घट्ट बंद केला.

फवारा नाचतच राहिला.

“बाई, हे काय करताय!” क्वेलचा मध आटला. “कॉक उघडा! पाणी दुखावेल!”

“टाकीतून थेंब बाहेर पडत नाहीये, तर दुखावतंय कुठलं पाणी?”

तो फवारा बंद करायला धावला तेव्हा डल्सी वाटेत आडवी उभी राहिली. “राहू दे चालू,” ती म्हणाली. तिने मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. चौथं मिनिट गेलं. पाचव्याला धार झुकली. सहाव्या मिनिटाला फवारा दोनदा खोकला आणि बंद पडला.

“शंका!” क्वेल किंचाळला. “तुमच्या शंकेने त्याला मारलं!”

मी पान्याने तांब्याचं आवरण उचकटलं. आत निळी दाबाची टाकी होती. तसल्या डझनभर टाक्या माझ्या दुकानात लटकतात. आत रबरी फुगा असतो, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा. हवा पाण्याला ढकलते. हा गृहस्थ गाडीत छोट्या बॅटरीच्या पंपाने तिच्यात चाळीसेक लिटर पाणी दाबून भरायचा आणि मग दोन माणसांकडून ‘स्फटिक’ उतरवून घ्यायचा. टाकीचा पाईप नुसता देखाव्याला. हवेच्या बाजूला सायकलच्या ट्यूबला असतो तसला व्हॉल्व्ह होता. मी त्याची पिन दाबली. उरलीसुरली हवा फुस्स करून निघून गेली.

सिरिलचा पंप दोघांनी खाली उतरवला. क्वेल पिकअप घेऊन सटकला, पण पोलिसांनी त्याला पुढच्या गावात धरलं. नऊपैकी सहा पंप मिळाले, तीन त्याने आधीच विकले होते. आणि तरी सोमवारी माझ्या दुकानात एकजण म्हणालाच, “काही म्हण, आवाज फार शांत होता त्याचा.” मी त्याला दुकानाबाहेर काढलं.

पण त्या शनिवारी, सगळे गेल्यावर, मी पास्कोबाईंना ऐकवायला गेलो होतो. “मी सांगत नव्हतो?” एवढंच म्हणालो असेन.

“तू खूप काही सांगितलंस,” त्या म्हणाल्या. “आता ऐक. तो पंप चालू करायची दोरी मला ओढता येत नाही. उजवा खांदा वर जात नाही. गेल्या जानेवारीत खालच्या रानात धूर दिसला, तेव्हा मी ती सोळा वेळा ओढली. मग आत जाऊन ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसले. वारा फिरला म्हणून जिवंत आहे. तो लबाड माझ्या दारात आला आणि त्याने पहिलंच विचारलं, ‘बाई, तुम्हाला हा चालू करता येतो का?’ तू कधी विचारलंस?”

मी एकतीस वर्षं लोकांना विचारत आलो, टाकी केवढी, बाग केवढी, पाणी किती उंच चढवायचं. पंप चालू कोण करणार, हे एकदाही विचारलं नाही. जे विचारायचं काम माझं होतं ते एका भामट्याने केलं, आणि त्याच फटीतून तो माझ्या गावात शिरला. मला त्याच्याइतकीच स्वतःची चीड आली.

मंडळी, अडलेल्या माणसाला मूर्ख म्हणून हसू नका, त्याचं काय अडलंय ते आधी विचारा. आणि चमत्कार दाखवणाऱ्याच्या डोळ्यांकडे, हातांकडे, अनवाणी पायांकडे बघत बसू नका. पाणी कुठून येतंय ते बघा. कॉक बंद करून बघा. पाईपला हात लावा. त्याला कुणाचीही परवानगी लागत नाही.

आठवड्याभरात मी पास्कोबाईंकडे गुलाबांसाठी विजेचा लहान पंप बसवला आणि आगीसाठी किल्लीने चालू होणारा पेट्रोलचा. किल्ली डाव्या हाताला येईल अशा उंचीवर बसवली. त्यांनी ती फिरवली, इंजिन धडधडलं आणि पाण्याची धार छपराच्या कौलांवर जाऊन आदळली. मी टाळी वाजवली, पण बाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या वाकल्या आणि त्यांनी टाकीकडून येणाऱ्या पाईपवर तळवा ठेवला. चांगला मिनिटभर ठेवला.

“गार आहे,” त्या म्हणाल्या, आणि मगच त्यांनी मला चहा विचारला.