घरचा बेल्ट

अख्ख्या गल्लीचे टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या काकांच्या घरचा टेप वर्षानुवर्षं बंद, आता बोला! काकू सांगून सांगून थकल्या. गिऱ्हाइकांचं आधी, घरचं उद्या. काकू गेल्या त्याला तीन वर्षं झाली, तेव्हा कुठे तो उद्या उजाडला.

झालं असं की कपाट आवरताना एक कॅसेट सापडली. वर काकांच्याच अक्षरात ‘चाचणी’. घरचाच टेप तपासायला रेकॉर्डिंग लावलं होतं आणि मध्येच काकू बोलत आल्या होत्या, एवढं त्यांना आठवलं. काकूंचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. फोटो ढीगभर, पण फोटो काही हाक मारत नाहीत.

काका कामाला लागले. जुन्या बेल्टचा चिकट लगदा झाला होता, तो स्पिरिटने पुसून काढला. फुगलेले दोन कंडेन्सर उपटून नवे डाख देऊन बसवले. नवा बेल्ट चढवला, वेग मोजून अगदी काटेकोर बसवला. मग कॅसेट घालून कळ दाबली.

चिरक्या, घाईघाईच्या आवाजात कुणी बाई ‘अहो’ म्हणाली. ही कोण बया?

मग डोक्यात प्रकाश पडला. रेकॉर्डिंगच्या वेळी बेल्ट सैल होता, टेप मंद चालत होता. आता टेप बरोबर, म्हणून काकू चुकीच्या. घ्या! जन्मभराची सफाई अशी अंगाशी आली.

मोटरचा स्क्रू फिरवून वेग कमी करता येतो. पण किती? थोडा फिरवला, वाटलं हीच. आणखी फिरवला, तीही तीच वाटली. चाळीस वर्षं संसार केला आणि बायकोचा आवाज नक्की आठवेना! काका स्क्रूड्रायव्हर हातात धरून ढसाढसा रडले. बघायला कुणी नव्हतं, तेवढंच बरं.

डोळे पुसता पुसता कानावर आलं, काकूंच्या बोलण्यामागे टकटक चालली होती. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ! तेही तीन वर्षं बंदच, किल्ली काकू द्यायच्या. काकांनी स्टूल ओढलं, किल्ली दिली, लंबक हलवला. दोन्ही टकटकी जुळेपर्यंत स्क्रू जरा जरा फिरवत राहिले.

आणि काकू आल्या. तोच किंचित घोगरा आवाज, तीच कुरकुर.

“अहो, ऊन उतरलंय. चला ना, कोपऱ्यापर्यंत तरी फिरून येऊ. किती दिवस म्हणतेय.”

“थांब गं जरा,” काकांचाच वैतागलेला आवाज. “एवढी बाजू संपली की बेल्ट बदलतो, मग निघू.”

“बदला बाई एकदाचा. मी बसते इथेच.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग बाजू संपेपर्यंत नुसती टकटक. म्हणजे काकू खरंच बसून राहिल्या होत्या.

खिडकीबाहेर ऊन उतरत होतं. काका समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले.

“बदलला गं,” ते म्हणाले. “आत्ताच बदलला.”