मुडदेमास्तरांचं बोट

मुडदेमास्तर चिखलात पालथे पडले, एक गाल ओल्या मातीला टेकवला आणि वरच्या बाजूचा डोळा किलकिला करून शेजारच्या प्रेताकडे पाहू लागले. शेजारचं प्रेत उताणं होतं. मेकअपवाली त्याच्या भुवईवर रक्ताचा थेंब लावत होती, तोही अत्तर लावावं इतक्या हलक्या हाताने.

"मास्तर, डोळे मिटा," ती मान न वळवता म्हणाली. "तुम्ही मेलाय."

"कॅमेरा रोल म्हणेपर्यंत मी जिवंत असतो."

मरण्यात मास्तरांचा हात धरणारा सिनेमाच्या धंद्यात कोणी नव्हता. तोफ, बाण, विष, जिना, दिग्दर्शक सांगेल त्याने ते मरत, आणि एकदा मेले की ब्रह्मदेव आला तरी हलत नसत. एकदा म्हणे एक मुंगळा त्यांच्या एका नाकपुडीतून आत शिरला, आत हिंडला, कंटाळला आणि दुसरीतून बाहेर पडला. मास्तरांची पापणी लवली नाही. एकदा तर सगळे जेवायला गेले आणि मास्तरांना उठवायचं राहिलं, तेव्हा वाटसरूंनी त्यांना खऱ्या रुग्णवाहिकेत घातलं होतं. बायको म्हणायची, "अहो, घरी तरी हलत जा. तुमच्यावरची धूळ झटकायची की नाही, मला समजत नाही."

दुःख एवढंच की आजवर ते पालथेच मेले होते. बायको पडद्यावर त्यांची पाठ बरोबर ओळखायची. तोंड मात्र एकाही सिनेमात आलं नव्हतं.

हा सिनेमा लढाईवरून घरी परतलेल्या, पण लढाईने न सोडलेल्या एका सैनिकाचा होता. त्यात एक प्रसंग होता: नायक मेलेल्या मित्राचं डोकं मांडीवर घेऊन रडतो आणि मित्राचा चेहरा पडदाभर दिसतो. तो चेहरा आपला, हे मास्तरांनी मनोमन ठरवून टाकलं होतं. आरशासमोर सराव करून पाहिला, पण डोळे मिटले की आरसा दिसेना. मग बायकोला पलंगाशी उभं केलं. "झकास," ती म्हणाली होती. "अगदी कायमचे गेल्यासारखे दिसताय."

आणि मग बाईंनी फौजीला आणलं. बाई म्हणजे सिनेमाच्या दिग्दर्शिका. फौजी खरोखरच सैन्यातून परतलेला, नटांना बंदूक धरायला शिकवण्यापुरता बोलावलेला. बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "हा चेहरा हवा. यावर सगळं लिहिलंय."

मास्तरांनी पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं. त्यांना कोरी पाटी दिसली. माणूस बोलायचा नाही, भिंतीला पाठ लावून जेवायचा, आणि तरी जो तो त्याला चहा नेऊन द्यायचा. मास्तरांना इतक्या वर्षांत कोणी साधं बिस्किट विचारलं नव्हतं. त्यांच्या पोटात जो निखारा पडला तो पाणी पिऊनही विझेना.

म्हणून सकाळी त्यांनी सुरुंगवाल्याला बाजूला घेतलं. सिनेमातले धमाके उडवणारा हा त्यांचा जुना दोस्त.

"तो शेवटचा धमाका जरा आधी उडव. ऐन रडण्याच्या मधे."

"का रे बाबा?"

"प्रेत दचकेल. मग बाईंना कळेल, मरणं कोणाचं काम आहे ते."

"इजा नाही होणार, माती उडेल फक्त. पण तू पक्का जळका आहेस हं!"

"कलावंत आहे."

रोल झालं. नायकाने मास्तरांशेजारी उताण्या पडलेल्या फौजीचं डोकं मांडीवर घेतलं, हुंदका काढला, आणि धमाका उडाला.

फौजी दचकला नाही. त्याने नायकाला बाजूला लोटलं, चिखलातून सरपटत आला आणि स्वतःचं सगळं अंग मास्तरांच्या पाठीवर घातलं. त्याच्या छातीचे ठोके मास्तरांना आपल्या बरगड्यांत ऐकू येत होते.

"आलोय मी," तो कानाशी पुटपुटला. "ऐकू येतंय ना? बोट हलव. एक बोट हलव रे, मला कळू दे."

मास्तरांना ऐकू येत होतं. पण कोणी कट म्हटलं नव्हतं, आणि कॅमेरा चालू असताना ते कधीच हलले नव्हते. शिवाय खरं सांगायचं तर निखारा अजून धगधगत होता. हा हलला ना? मग आपण नाही हलायचं. ते इतके छान मेले की तसे आयुष्यात मेले नव्हते.

फौजीची बोटं त्यांच्या चिखलाने लडबडलेल्या मनगटावर, गळ्याशी चाचपडली, पण नाडी हाती लागली नाही. मग पुटपुटणं थांबलं. पाठीवरचं अंग एकदम जड झालं आणि त्यातून एक आवाज निघाला. नायकाच्या रडण्यासारखा तो मुळीच नव्हता.

"कट," बाई कशाबशा म्हणाल्या.

फौजीला चौघांनी उठवून गाडीच्या पायरीवर बसवलं, हातात चहाचा कप दिला.

बाई बराच वेळ त्याच्यापाशी उभ्या राहिल्या. मग मास्तरांकडे आल्या. "तो आता आडवा व्हायचा नाही. तुम्ही उताणे व्हा, मास्तर. चेहरा तुमचा घेऊ."

मास्तर उताणे झाले. मेकअपवाली थेंब लावायला वाकली.

"तो काय म्हणत होता ते तुम्हाला ऐकू गेलं नाही का हो?" तिने हळूच विचारलं.

"कॅमेरा चालू होता."

तिने थेंब जरा जोरातच दाबला.

"रोल!"

नायकाने डोकं मांडीवर घेतलं. कॅमेरा इतका जवळ आला की त्याची घरघर मास्तरांच्या गालाला लागली. मिटत आलेल्या पापणीच्या फटीतून, नायकाच्या कोपरापलीकडे, त्यांना गाडीची पायरी दिसली. फौजी इकडेच बघत होता. कप तसाच भरलेला. त्याची नजर मास्तरांच्या चेहऱ्यावर नव्हती. ती चिखलात पडलेल्या त्यांच्या हातावर होती.

मास्तरांनी बोट उचललं. मग पुन्हा एकदा, सावकाश, नीट दिसेल असं.

"कट! मास्तर, बोट हललं!"

"हो, बाई."

"तुमचं? बरं, पुन्हा घेऊ."

"घ्या. पण पुन्हा हलेल."

तिकडे पायरीवर फौजीने चहावर हलकेच फुंकर घातली.