छत्रीवरचं मत

केळीची पानं पुसून जुड्या बांधता बांधता द्वारकेचा हात थांबला. तिचा धाकटा दीर बाबू ओटीवर उभा राहून अगदी शांतपणे सांगत होता, "वहिनी, उद्या माझा शिक्का छत्रीवर मार."

"छत्री सॅन्टनची हाय, भावजी. आपल्या मितेशची कपबशी."

"ठाऊक हाय मला. छत्रीवरच मार." आणि काठी टेकत तो नाक्यावरच्या आपल्या फोनच्या बूथकडे निघूनही गेला.

आता ह्याला काय म्हणावं? सख्खा पुतण्या ग्रामपंचायतीला उभा, आणि काका म्हणतो छत्री. तिने पुसलेली पानंच पुन्हा पुसायला घेतली.

बाबूचे डोळे लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेले. अपंगांच्या कोट्यातून त्याला एसटीडी बूथ मिळाला होता आणि अर्ध्या गावाचे नंबर त्याच्या बोटांवर होते. मत मात्र त्याचं द्वारकेच्या बोटांवर. नियमच तसा होता. ज्याला दिसत नाही त्याने सोबती न्यायचा, सोबत्याने तो सांगेल तिथे शिक्का मारायचा आणि बाहेर कुठे बोलायचं नाही. ह्यातला शेवटचा भाग तेवढा द्वारकेने काटेकोर पाळला होता. याआधी दोनदा ती सोबती म्हणून गेली, दोन्ही वेळा बाबूने एक सांगितलं आणि तिने घरात ठरलं होतं तिथे शिक्का उमटवला. "मारलंस?" त्याने विचारलं. "मारलं," ती म्हणाली. यात आपण काही खोटं बोललो असं तिला वाटलंही नव्हतं. पोर मागतं एक आणि आई वाढते दुसरं, त्याच्या भल्यासाठीच ना? घरचं मत घरात राहिलं म्हणजे झालं.

पण ते परक्या उमेदवारांचं होतं. आता पोटचा मुलगा उभा होता. मितेशने पावसाळ्यात वॉर्डातल्या पोरांना चिंचोटीच्या धबधब्यावर नेऊन कोंबडी खाऊ घातली होती, तेव्हापासून घराला पंचायतीचं वेड लागलेलं. आणि बाबूला राग आला होता म्हणावं, तर त्याने मितेशच्या विरोधात लढणाऱ्या प्लासिडची शिट्टी सांगायला हवी होती. सॅन्टन कशाला? सॅन्टनने तर मितेशला जाहीर पाठिंबा दिला होता. अर्ज मागे घ्यायची मुदत चुकली, म्हणून त्याची छत्री मतपत्रिकेवर नुसती राहून गेली होती.

तिने नवऱ्याला विचारलं. रामू पंपाला तेल घालत होता. तो म्हणाला, "डोकं फिरलंय त्याचं. दादरला त्या अंधांच्या सभांना जायला लागल्यापासून हे असं. तू आपली कपबशी बघ."

संध्याकाळी सॅन्टनची बायको ॲनी पानं न्यायला आली, तर द्वारकेने तिलाही आडून विचारलं. ॲनी हसली. "आमच्या घरातलं एकपण मत छत्रीला नाय, द्वारकाबाय. सॅन्टन सोताच कपबशीवर मारनार. छत्रीला कोन येडा मत देनार?"

कोण येडा, ते द्वारकेने सांगितलं नाही. रात्री बाबूला जेवायला वाढताना तिने पुन्हा विषय काढला. "भावजी, मितेशने काय दुखवलं का तुम्हाला?"

"नाय गं. गुणाचा पोर हाय."

"मग?"

"मग काय? मत माझं हाय ना?"

होतं त्याचंच. रागाने बोलला असता तर भांडता आलं असतं. तो तर वालाची भाजी मागून घेऊन खात होता.

सकाळी मराठी शाळेत रांग लागली होती. बाबू केंद्राच्या साहेबांना म्हणाला, "साहेब, चिन्हं वरून खाली कशी हायत तेवढं वाचून दाखवा. मी बोटाने अंदाज घेऊन सोता शिक्का मारतो."

साहेब काही वाईट माणूस नव्हता. "अहो, मागे रांग बघा किती आहे," तो म्हणाला. "बाई आल्यात ना सोबत? मग तुम्ही कशाला त्रास घेता?" द्वारकेलाही ते पटलं. तिने सोबत्याच्या कागदावर सही केली आणि दोघं पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली.

बाबू तिच्या शेजारी टेबलाची कड धरून उभा राहिला. छत्री तिला लख्ख दिसत होती. तिने शिक्का छत्रीवर नेला, आणि मग डोळ्यांपुढे मितेश आला, काल घसा बसल्यामुळे हळद घातलेलं दूध पिणारा. एका मताने पोर पडलं तर? आईनेच पाडलं म्हणायचं? तिने कपबशीवर शिक्का मारला.

"मारलंस?"

"मारलं."

दुसऱ्या दिवशी मितेश निवडून आला. एक मत कसलं, चांगला सव्वाशे मतांनी आला. गुलाल, फटाके, पेढे. मिरवणूक नाक्यावर पोचली तेव्हा द्वारका पेढ्यांचा डबा घेऊन पुढे होती. बाबूने बूथमधून बाहेर येऊन पुतण्याला मिठी मारली, पाठ थोपटली. मग विचारलं, "सॅन्टनला किती पडली रे?"

"भोपळा, काका," मितेश हसत म्हणाला. "त्याने सोताचंपण मलाच दिलं." आणि पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन पुढे नेलं.

बाबू बूथच्या पायरीवर बसला. द्वारकेला आधी काही कळलंच नाही. मग हळूहळू कळायला लागलं, तसे तिचे कान तापले. सबंध वॉर्डात जिथे कोणीच मत देणार नाही, असं एकच चिन्ह होतं. तिथे एक जरी मत निघालं असतं, तर ते बाबूचंच असतं.

"भावजी," ती म्हणाली. तिला रडू आलं. "पोटचा पोर उभा होता हो."

"माझं मत मला देऊ देत असते, तर मी सगळ्यांच्या आधी त्यालाच दिलं असतं," बाबू म्हणाला. "पन आधी बघायचं होतं, मला मत हाय का नाय ते."

द्वारका डबा धरून उभी राहिली. त्याच्या हातात पेढा ठेवावा की ठेवू नये, हेही तिला उमजेना.

"पुढच्या टायमाला मी एकटा आत जानार," तो म्हणाला. "अडवलं तर तिथंच बसेन. तू येऊ नको." मग त्याने साध्या आवाजात विचारलं, "मागच्या दोन टायमाला कुनाला दिलंस गं माझं मत?"

द्वारकेने खूप आठवून पाहिलं. तिला दोन्ही नावं आठवली नाहीत.