तिसऱ्या मजल्यावरची सूचना

मी एक जुना सूचनाफलक आहे. तुमच्या शाळेत असतो तसा रंगीत चित्रांचा नव्हे, मित्रांनो, मी पालिकेचा. सागवानी चौकट, आत हिरवं कापड, पुढे काच आणि काचेला कुलूप. जी कामं लोकांना सांगितल्यावाचून करता येत नाहीत, त्यांचे कागद माझ्यावर लागतात. त्यामुळे साहेबलोकांना मी फारसा आवडत नाही.

मला घडवणाऱ्या सुताराने मला तळमजल्याच्या व्हरांड्यात, दारालगत, मुद्दाम खाली टांगलं होतं. "जरा वर घ्या की, शोभा येईल," असं कुणीतरी म्हणालं. सुतार म्हणाला, "शोभेसाठी नाही केलेला. माझी आई कमरेत वाकलीय, तिलाही वाचता आला पाहिजे." मी तेव्हा कोरा करकरीत होतो आणि स्वतःवर फार खूश होतो.

दर सोमवारी अकरा वाजता शिपाईदादा नवे कागद लावत. त्याआधी पाच मिनिटं कुबडीचा आवाज यायचा. शेजारच्या मंडईतल्या शिवणवाल्या मावशी त्या. एका पायाने अधू. बावीस वर्षं त्या एकाच गाळ्यात बसून लोकांचे फाटके खिसे आणि तुटलेल्या चेनी दुरुस्त करत होत्या. काचेला नाक टेकवून त्या शेवटच्या सहीपर्यंत वाचत आणि मग मंडईत जाऊन एक्केचाळीस गाळ्यांना मोठ्याने सांगत. पाणी कधी बंद, कर किती वाढला, सगळं. हळूहळू मंडईला सवयच लागली. मावशी बोलल्या तर काहीतरी आहे, नाही बोलल्या तर काही नाही. दुसरं कुणी माझ्याकडे फिरकेनासं झालं. ही सवय किती महाग पडणार, हे मलाही कळलं नाही.

एकदा माझ्यावर वर्षाच्या खर्चाचा तक्ता लागला. त्यात एक ओळ होती, मागच्या गल्लीतल्या गटाराची दुरुस्ती.

"अहो दादा," मावशींनी हाक मारली, "मागच्या गल्लीत गटार आहे कुठं? असतं तर आमच्या दारात पाणी तुंबलं असतं का?"

शिपाईदादांनी कानावर हात ठेवले. तासाभरात व्हरांडा माणसांनी भरला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. पंधरा दिवसांत गटार खणलं गेलं. माझ्या चौकटीवरून हात फिरवत मावशी म्हणाल्या, "गुणाचा आहेस हो!" आयुष्यात मला मिळालेली ही एकमेव शाबासकी, आणि तीच मला भोवली.

पुढे नवे साहेब आले. मंडई पाडून तिथे सात मजली इमारत बांधायचं ठरलं. नियम असा, की सूचना तीस दिवस फलकावर लावायची. जो लेखी हरकत घेईल त्याची सुनावणी होणार आणि त्याचा नव्या इमारतीतल्या गाळ्याचा हक्क नोंदला जाणार. जो गप्प राहील त्याची संमती आहे असं समजणार.

"व्हरांड्याला रंग द्यायचाय," साहेब म्हणाले. "फलक वर हलवा."

मला तिसऱ्या मजल्यावर, जुन्या कागदपत्रांच्या खोलीबाहेर, मोडक्या खुर्च्यांच्या मागे टांगलं. लिफ्ट कित्येक महिने बंद होती. शिपाईदादांनी सूचना लावली. फोटोवाल्याने फोटो काढला, इतक्या जवळून की भिंत दिसूच नये. साहेबांचा ड्रायव्हर आणि बागेतला माळी यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. खोटं काहीच नव्हतं, मित्रांनो. साप मेला आणि काठीही तुटली नाही.

पुढच्या सोमवारी जिन्याच्या पोकळीतून मला खालचा आवाज ऐकू आला.

"दादा, फलक कुठं गेला हो?"

"रंगकाम चाललंय, मावशी. येईल परत."

"नवीन काही आहे का?"

शिपाईदादा म्हणाले, "असलं तर सांगेन की."

असे चार सोमवार गेले. मला हाक मारता येत नाही. छातीवर एवढा मोठा कागद घेऊन मी मूग गिळून बसलो. तुम्ही म्हणाल, लाकडाला कसली आली लाज? पण मला लाज वाटत होती.

चौतिसाव्या दिवशी मंडईत मोजमापाच्या फिती घेऊन माणसं आली. त्या दुपारी मावशी मला शोधत जिना चढल्या. चढल्या कसल्या, बसून एकेक पायरी मागे सरकत आल्या. साठ पायऱ्या. मोडक्या खुर्च्या बाजूला ढकलून त्यांनी मला वाचलं, शेवटच्या सहीपर्यंत. मग पलीकडच्या खोलीत कारकुनाकडे गेल्या.

"माझी हरकत लिहून घ्या."

"मुदत संपली, मावशी. एकही हरकत आली नाही. सगळ्यांची संमती आहे."

"कुणाची संमती? कुणी विचारलं आम्हाला?"

"सूचना लावली होती ना. हा बघा फोटो."

मावशींनी फोटो बघून परत दिला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एक्केचाळीस घरं माझ्या वाचण्यावर विसंबून होती हो."

मंडई पाडली. नव्या इमारतीत एक्केचाळिसातल्या एकालाही गाळा मिळाला नाही. काहीजण मावशींना बोल लावतात. आता त्या पालिकेच्या फाटकासमोरच्या फुटपाथवर छत्रीखाली मशीन घेऊन बसतात. व्हरांड्याचा रंग कधीच वाळला, पण मला खाली कुणी नेलं नाही. मावशीही सोमवारी येत नाहीत.

आज सोमवार आहे. आज सकाळी शिपाईदादांनी माझ्यावर नवा कागद लावला. फाटकासमोरचा फुटपाथ मोकळा करणार आहेत. हरकतींसाठी तीस दिवस. फोटो काढून झाला, सह्याही झाल्या.

मित्रांनो, मला पुसू नका, पॉलिशही नको. तुमचे पाय धड आहेत, तुम्हाला वाचता येतं. साठ पायऱ्या चढून या, स्वतः वाचा, आणि खाली जाऊन छत्रीखालच्या बाईंना एवढंच सांगा: "मावशी, तीस दिवस आहेत. आज पहिला."