डाव्या काखेतला घट्टा

माझा धाकटा भाऊ नरहर याचं लग्न झालं ते साल १९५४. वैशाखात लग्न झालं, आषाढात त्याला खोकला लागला आणि पोळ्याच्या सुमारास थुंकीत रक्त दिसलं. जालन्याच्या डॉक्टरांनी छाती तपासून क्षय सांगितला. रोज एक, अशा नव्वद सुया घ्यायच्या, मध्ये खंड पाडायचा नाही, असं बजावलं आणि हातात एक छापील कागद दिला. घरात कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून तो कागद आम्ही देवाच्या कोनाड्यात ठेवला. नरहर जालन्यातच मस्तगडला मावशीकडे राहून सुया घेऊ लागला. दिवाळीला चार दिवस घरी आला तेव्हा ताप गेलेला होता, भाकरी गोड लागत होती. पन्नास सुया झाल्या होत्या, चाळीस राहिल्या होत्या.

त्याच आठवड्यात आमच्या वाटूरला श्वासानंद महाराज आले.

मारुतीच्या पारापुढे मी एवढी गर्दी कधी पाहिली नव्हती. कापूस वेचायला निघालेल्या बाया ओटीची फडकी तशीच बांधून उभ्या होत्या. पारावर महाराज पद्मासन घालून बसले होते. डोकं तुळतुळीत, अंगावर भगवी शाल, पोटावर लोण्याचं तेज. काकासाहेब पाटलांनी त्यांचं डावं मनगट धरलं होतं.

महाराजांनी शालीच्या आत हात घालून छातीला भस्म लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "पाटील, पकडून ठेवा. अब हम चले."

काकासाहेबांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी बोट इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं.

"गेली," ते म्हणाले. "अरे, नाडी गेली! बिलकुल बंद!"

बायांनी जमिनीला डोकं टेकलं. दोन-तीन जण रडायलाच लागले. थोड्या वेळानं महाराजांनी डोळे उघडले, आणि काकासाहेब ओरडले, "आली! परत आली!"

"यमराज दारात आल्ता," महाराज म्हणाले. "आम्ही म्हटलं, अभी फुरसत नहीं, बाद में आओ. बिचारा गेला निघून. अठरा साल बरफात बसून हा श्वास जिंकला, बेटा. आता मोत आम्हाला पुसल्याशिवाय येत न्हाई."

मग खालच्या आवाजात पुढचं सांगितलं. ही विद्या ते गावाला एकवीस दिवसांत शिकवणार होते. ज्यानं श्वास धरला त्याला रोग धरणार नाही. दक्षिणा काही नको. सकाळी शेरभर धारोष्ण दूध आणि दुपारी तूप घातलेली पुरणपोळी, एवढंच.

मी नरहरला घेऊन पुढे गेलो. होय, मीच घेऊन गेलो. त्याला कुणी ओढून नेलं नव्हतं.

महाराजांनी त्याच्या दंडावरचे सुयांचे ठिपके पाहिले आणि तोंड वाकडं केलं. "लोहा टोचून प्राण येतो का? अरे, छातीतला फेफडा म्हंजे भाता. लोहाराचा भाता बिघडला तर त्याला सुया टोचता, का हवा भरता? एकवीस दिवस कुंभक कर, नवा फेफडा करून देतो."

घरी आल्यावर नरहरची बायको प्रेमला दाराआडून बोलली. भायापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, धाकट्या भावजयीनं थेट बोलायची आमच्यात रीत नव्हती. ती माझ्या बायकोला, दुर्गाबाईला, म्हणाली, "बाई, त्यांना विचारा न. डाक्टरनं पुऱ्या नव्वद सांगितल्या. अजून चाळीस राह्यल्यात."

दुर्गाबाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "आयकलं न? पोरगी बराबर बोलून राह्यली."

मी म्हणालो, "बैल उठून वैरण खाया लागला, तरी आपण त्याला दवा पाजत राहतो का? बरा झालेल्याला कसली सुई?"

हे वाक्य मी आजपर्यंत विसरलेलो नाही. जनावराचा हिशेब मी माणसाला लावला, आणि घरातल्या सगळ्यांना तो पटला.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा योग करायला बसलो. जन्मभर उकिडवं बसलेल्या माणसाचे गुडघे कुणी असे मुडपायला सांगितले की काय होतं, ते तिथं बघायला मिळालं. उजवा पाय मांडीवर चढवला की डावा सुटायचा. शेजारी भुजंग तेली बसला होता, त्यानं माझा पाय धरून दाबला आणि दोघंही मागच्या ओळीवर कलंडलो. "अरे, आसन घालून राह्यले का कुस्ती?" मागून कुणी ओरडलं. पोटातला वारा सोडायचं आसन आलं तेव्हा चाळीस जणांनी महाराजांची आज्ञा मनापासून पाळली, आणि भगवी शाल नाकाला लावून महाराज स्वतः पाराच्या टोकाला सरकले.

तरी खरं ते सांगतो. आठ दिवसांत माझी पाठ मोकळी झाली. नांगराचं वाकणं हलकं झालं. आसनांशी माझं भांडण नाही, तेव्हाही नव्हतं. पण पाठ सुटली म्हणून मी बाकीचं सगळं खरं मानलं, आणि तिथंच फसलो.

बाकीचं काय होतं तेही सांगतो. महाराज कापडाची हातभर ओली पट्टी गिळायचे आणि घशातून ओढून बाहेर काढायचे. बुळबुळीत, पिवळट. ती पितळी ताटात पिळायचे आणि ते पाणी तीर्थ म्हणून वाटायचे. लोक ओंजळ पुढे करत. माझा भाऊ ते प्यायला. मीही प्यायलो.

आणि कुंभक. नरहरनं श्वास धरायचा, महाराजांनी ताटावर टिचक्या मारायच्या. वीस, तीस, चाळीस. नरहरचा चेहरा वांग्यासारखा व्हायचा, मग खोकल्याची उबळ यायची, तो पारावर दुमडून पडायचा. महाराज हसत म्हणायचे, "निघून राह्यला! पाहा, रोग निघून राह्यला!" लोक जयजयकार करायचे. पंधराव्या दिवशी ताप परत आला. महाराज म्हणाले, आतला अग्नी जागा झाला. एकवीस दिवस संपले. महाराज म्हणाले, याचा फेफडा हट्टी आहे, अजून वीस दिवस.

दत्तजयंतीच्या दिवशी सकाळी पुंजाराम न्हावी आमच्या ओसरीवर आला. तो बलुतेदार, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. वर्षभर आमची डोकी, दाढ्या, नखं, काखा, सगळं त्याच्या हातात. त्यानं धोपटी सोडली, पण वस्तरा काढला नाही.

"रखमाजी, एक पुसू का? म्हाराजाची बगल पाह्यली का तू?"

"बगल कशाला पाहू?"

"मी पाह्यली. आत्ताच त्याचं डोकं करून आलो. डोकं झालं, अन् सवयीनं म्हणलं, म्हाराज, हात वर करा, बगला काढतो. उजवा हात उचलला. डावा काही केल्या उचलंना. म्या धरून वर केला. तर आत केस न्हाई. घट्टा हाये, घट्टा! बैलाच्या मानेवर जुवाचा असतो न, तसा. गोल अन् टणक. असा हात झटकला त्यानं, वस्तरा लागता लागता राह्यला."

"मंग?"

"मंग काय? घट्टा ओझ्यानं पडतो. समाधीनं पडत न्हाई. अन् नाडी पाहाया तो दर वक्ताला डावाच हात देतो. कामून?"

मी चिडलो. त्याला म्हणालो, "तू डोकी कर, देवाच्या मधी येऊ नको." तेवढ्यात आत नरहर खोकला. प्रेमलाची किंकाळी आली. मी धावत आत गेलो. नरहर भिंतीला टेकून बसला होता आणि समोरच्या तांब्यात रक्त होतं. ठिपका नव्हता. तांब्याचा तळ झाकला होता. प्रेमला पदर न सावरता उभी होती. त्या दिवशी तिनं रीत मोडली आणि माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "बैल उठला का आता?"

मी ओसरीवर आलो आणि पुंजारामला म्हणालो, "चल."

पारापुढे चार गावचे लोक जमले होते. आम्ही पोचलो तेव्हा खेळ सुरू झालेला. शालीच्या आत हात, भस्म, मिटलेले डोळे, आणि काकासाहेबांच्या हातात डावं मनगट.

"बंद!" काकासाहेब म्हणाले.

पुंजाराम गर्दीतून थेट पारापाशी गेला. "पाटील, आता उजवी पाहा."

लोकांत गलका झाला. महाराजांनी एक डोळा उघडला. मेलेल्या माणसाचा डोळा फार जल्दी उघडला. "समाधीत विघ्न! कोण आहे हा?"

"न्हावी हाये, म्हाराज. सकाळी तुमचं डोकं केलं तोच."

"न्हाव्याला प्राणविद्येतलं काय कळतं? हटवा याला!"

दोघं-तिघं पुढे आले. मी आडवा उभा राहिलो. "त्याला हात लावायच्या आधी माझ्या घरी जाऊन तांब्यातलं रक्त पाहून या," मी म्हणालो. ते थांबले.

पुंजाराम शांतपणे म्हणाला, "विद्या न्हाई कळत. गळा कळतो. चाळीस वर्षं झाली, लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवतो. जबड्याखाली एक शीर उडती, तिला चुकवून जावं लागतं. पाटील, तुमच्या हातात नाडी बंद हाये न? मंग म्हाराजाच्या गळ्याकडं पाहा. ती काय उडून राह्यली?"

सगळ्यांनी पाहिलं. शाल गळ्यापासून थोडी सरकलेली होती, आणि तिथं शीर टपटप उडत होती, भ्यालेल्या सशाच्या पोटासारखी.

महाराज उठायला गेले. पुंजारामानं त्यांच्या पुढ्यातल्या फळांच्या ताटातलं एक लहानसं कवठ उचललं, सदरा काढून ते स्वतःच्या डाव्या काखेत धरलं, दंड आवळला आणि हात पुढे केला. "पाहा पाटील. मी बी चाललो."

काकासाहेबांनी बोटं टेकवली. बोट इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. "पुंज्या," ते शेवटी म्हणाले, "तुझी बी गेली की रे."

"यम आल्ता," पुंजाराम म्हणाला. "म्हणलं, अजून दोन दाढ्या राह्यल्यात, मंग ये." त्यानं दंड सैल केला. "आता?"

"आली."

हशा उठला, आणि त्या हशातच भुजंगनं महाराजांची शाल ओढली. काखेतून बाभळीच्या लाकडाचा गोटा पडला, पारावरून गडगडत माझ्या पायाशी आला. मी उचलला. घामानं चिकट झालेला, वर्षानुवर्षांच्या तेलानं काळा पडलेला, आणि त्याला त्या माणसाच्या अंगाचा आंबूस वास येत होता. काखेतून हाताकडे रक्त नेणारी नळी असते. गोटा दाबला की ती चेपते, मनगटाला रक्त पोचत नाही, नाडी लागत नाही. काळीज मात्र आपलं चाललेलंच असतं. एवढीच ती अठरा वर्षांची बरफातली विद्या.

शाल सोडून महाराज पळाले. त्यांच्याहूनही जास्त किळस मला त्यानंतर जे ऐकलं-पाहिलं त्याची आली. परतताना एक बाई म्हणाली, "गोटा असंल, पण काही तरी शक्ती हाय बरं माणसात." आणि एकानं ती पडलेली शाल घडी करून घरी नेली.

मी त्याच दिवशी नरहरला मोटारीत घालून जालन्याला नेलं. डॉक्टर मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मध्येच थांबलात. जे जंतू उरले ते आता या औषधाला भीत नाहीत." तरी त्यांनी सुया पुन्हा सुरू केल्या.

चाळिशी उलटल्यावर मी साक्षरतेच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकलो. वाचता येऊ लागलं तेव्हा कोनाड्यातला कागद काढला. त्याची घडी फाटत आली होती. बोट ठेवून वाचलं. तिसरी ओळ अशी होती: बरं वाटू लागलं तरी सुया बंद करू नयेत.

पाठ दुखत असेल तर आसनं करा, मी अजून करतो. पण कुणी म्हणाला की मी नाडी थांबवतो, तर त्याचा दुसरा हात मागा. कुणी म्हणाला की औषध टाक, तर आधी विचारा, टाकून बरा झालेला एक माणूस दाखव. विचारणाऱ्याची जात पाहू नका, वय पाहू नका, आणि तो दाराआडून विचारत असेल तर दार उघडा. आमच्या गावात हा प्रश्न पहिल्यांदा प्रेमलानं विचारला होता. मी तिला बैलाचं सांगून गप्प केलं.

पुंजाराम न्हावी १९७१ साली म्हातारपणानं वारला. माझा भाऊ नरहर ११ एप्रिल १९५५ रोजी, हनुमान जयंतीनंतर चौथ्या दिवशी, जालन्याच्या दवाखान्यात क्षयानं वारला. त्याच्या लग्नाला तेव्हा वर्षही पुरं झालं नव्हतं.